टेंटरहुक

'ऑन टेंटरहुक्स आहे गं मी,' थर्झा मिजली म्हणाली,
हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर.
नर्स पोर बाहेरगावची, बाविशीची.
तिला वाटलं, म्हातारी एखाद्या बसथांब्याचं नाव घेतेय.

थर्झा हसली.
आत नवऱ्याची छाती उघडून तीन तास होत आले होते,
तरी हसली.

'त्या समोरच्या उतारावर लाकडी चौकटी असायच्या,
कुंपणासारख्या, पार नदीपर्यंत.
माझा खापरपणजा ओबेद
ओलं लोकरी कापड तिथं ताणून लावायचा,
काठाकाठानं, वाकड्या खिळ्यांवर.
तो खिळा म्हणजे टेंटरहुक.
सैल सोडलं की कापड आटतं,
फार ओढलं की विरतं.
त्याच्याही आधीच्या काळात
कुणी रात्री ते चोरलं, तर मान जायची,
इथंच, या गावात.'

'मग वाळेपर्यंत काय करायचे?'

'काय करणार? आभाळाकडे बघायचे.
आणि आमचं आभाळ, तुला माहीतच आहे.'

पोरीनं बाहीचा सुटलेला दोरा
बोटाला गुंडाळला, सोडला,
पुन्हा गुंडाळला.

(माझ्या भाषेत थेट जीवच टांगणीला लागतो.
ती टांगणी कसली, कुठल्या भिंतीवरची,
मी कधी विचारलंच नव्हतं.)

दार उघडलं.
डॉक्टर टोपी काढत बाहेर आला.
थर्झा उठली नाही.
काठाकाठानं ताणलेली,
बघत राहिली नुसती त्याच्या तोंडाकडे,
उघडतंय का.