एकशे बारा

मेडिकलच्या कान-नाक-घशात
मी नंबर पुकारतो.
कंत्राटावर. अकरा महिन्यांच्या.
ऐकू न येणाऱ्यांना आवाज द्यायची नोकरी,
हे घरी सांगितलं तेव्हा बायको हसली होती.

लहानू हेडाऊ, तांडापेठ, वय त्र्याहत्तर.
सकाळी सहापासून लायनीत.
साडेदहाला मी ओरडलो, एकशे बारा.
एकदा, दोनदा, नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा.
तो समोरच बसला होता
भिंतीवरच्या पालीकडे पाहत.
मी एकशे तेरा म्हटलं.

हा त्याचा तिसरा मंगळवार.
पहिल्याला तपासणीची मशीन बंद होती,
दुसऱ्याला मशीन सुरू, मॅडम सुट्टीवर.
"पोरगा बुटीबोरीले हाय, कंपनीत.
माह्यासंगं आला तं खाडा पडते."
हे त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं
की सगळा व्हरांडा वळला.

रामदासपेठेत गेलो होतो मी एकदा, काम मागायला.
तिथे नाव पडद्यावर उमटतं,
पोरगी खुर्चीपाशी येऊन वाकते.
मला म्हणाले, तुमचा आवाज फार मोठा आहे.
काचेत कानामागची मशीन ठेवली होती, शेंगदाण्याएवढी.
किंमत विचारली.
मलाच नीट ऐकू आली नाही.

चौथ्या मंगळवारी
सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
त्यावर ठळक आकडे लिहिले, वर धरले.
निम्म्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
मे महिना. त्यांना वाटलं, वारा घालतोय.
एक आजी म्हणाली, इकडं बी घाल रे बाबू.

लहानू शेजारच्या बाईला सांगत होता,
तिनं काही विचारलं नव्हतं तरी:
"चाळीस वर्सं पॉवरलूमवर काढले जी.
कान तं त्यातच गेले.
पण धागा तुटला का पायाले समजे.
फरशीतून."

मी लोखंडी बाकड्याच्या पायाला
बुटानं ठोकलं.
तो उठला. आधी खाली पाहिलं,
धोटा कुठं अडकला ते शोधल्यासारखं,
मग माझ्याकडे.
त्याच्यासोबत बाकड्यावरचे आणखी सहा उठले,
सगळे एकशे बारा.

आत डॉक्टर कागदावरून मान न उचलता म्हणाले,
अर्ज भरून घ्या. यादी मोठी आहे.
नाव आलं की फोन करू.

फोन.

लहानूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं,
"काय म्हंते?"
अख्खा दिवस ओरडणारा मी,
नुसती मान हलवली.