वीतभर कमी

वीतभर कमी पडली तार.
वीत माझी, म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
आणि करंगळीचं टोक एका टिपरच्या फाळक्याने नेलेलं,
तेव्हा थोडी कमीच धरा.

सांगाडा पद्मिनीचा, इंजिन कॉन्टेसाचं,
बॉनेट जीपचं, कापून वाकवलेलं.
स्टीअरिंगच्या दांड्याला जागा होईना
म्हणून लेथवर जोडदांडा काढून
डिस्ट्रिब्युटर मागे नेला. छान बसला.
मग चारांतली एकही तार प्लगला टेकेना.

विश्राम म्हणाला, जोड देऊया.
अरे, ती काय माटोळीच्या दिव्यांची वायर आहे?
वीस हजार व्होल्ट. जोडातून उडी मारील चेसिसवर,
आणि तू नेमका हात लावलेला असशील.
त्याने लावलेलाच होता. काढला.

अठरा वर्षं मी सावर्ड्यात टिपर दुरुस्त केले.
डिझेल. त्याला प्लग नसतो.
दाबत राहायचं, दाबत राहायचं, आपसूक पेटतं.
ठिणगी कुठून येते, केवढ्या तारेतून,
हे विचारायची वेळच आली नाही.
मग खाणी थांबल्या. लाल धूळ खाली बसली,
रस्त्याकडची झाडं हिरवी निघाली,
गिऱ्हाईक दिसेना.

म्हापशाच्या दुकानात विचारलं, कुठली गाडी?
म्हटलं, माझी.
मॉडेल?
म्हटलं, अजून झालं नाही.
त्याने चष्मा काढून ठेवला.
मडगावात पिएदाद स्टुलावर चढली,
अ‍ॅम्बॅसडरच्या तारांचं खोकं उतरवलं, फुंकर मारली.
रबर बोटांत मोडलं, जत्रेतल्या खाज्यासारखं.
बेतूलच्या जेटीवर होडीच्या इंजिनाच्या मिळाल्या,
लांब, चांगल्या, पण दोनच.
होडीला दोन सिलिंडर पुरतात,
मासे तेवढ्यावर येतात.

शेवटी वास्को.
कायतान निऑनच्या नळ्या वाकवायचा,
बारवरचे कोंबडे, ग्लास, बुडबुडे.
आता सगळीकडे एलईडी; भट्टीवर त्याने कपडे वाळत घातलेत.
म्हणाला, तार? वीस हजारांना न दमणारी?
आणि खाटेखालून वेटोळं ओढलं,
अंगठ्याएवढं जाड रबर, आत तांबं,
टाचणीने टोचून पाहिलं, अजून मऊ.
पाच तुकडे, मी सांगितलं, चार प्लगांचे, एक कॉइलचा,
हातभर आणि वर एक वीत.
त्याने माझा हात पाहिला, करंगळी पाहिली,
आणि स्वतःच्या हाताने मोजली.
पैसे?
गाडी चालली तर घेऊन ये, म्हणाला,
नाही चालली तर तार आणून दे.

विश्रामने ओळीने जोडल्या, एक दोन तीन चार,
शाळेत शिकवतात तशा.
कार्बोरेटरने असा बार काढला
की समोरच्या पोस्टातली बाई शिक्क्यासकट बाहेर आली.
मग मी लावल्या.
एक, तीन,
चार, दोन.
थरथरली, खोकली, आणि धरलं.
विश्राम हसला, त्याचे दात ग्रीसमध्ये दिसले तेवढे.

एकच भानगड झाली. तांब्याच्या तारेत रोधक नसतो,
प्रत्येक ठिणगी थोडी हवेत सांडते.
रेडिओ लावला तर बातम्या नाहीत, बाजारभाव नाहीत,
नुसतं टक्टक्टक्, पाय दाबला की दाट,
सोडला की विरळ.
विश्राम म्हणतो, रेझिस्टरवाले प्लग घालू, जाईल.
जाईल की.

रविवारी वास्कोला नेली.
कायतान पुढच्या सीटवर बसला, दार दोनदा लावून पाहिलं.
मी रेडिओ बंद करायला गेलो, त्याने हात धरला.
खारीवाड्यात माझा एक खेकडा होता, म्हणाला,
पाय उघडझाप करणारा.
तो पेटला की आळीतले सगळे रेडिओ असेच करायचे.
लोक खिडकीतून शिव्या घालायचे मला, नाव घेऊन.

मग बराच वेळ काही नाही. बायणा मागे गेलं.

मोठा कर जरा, म्हणाला.