चौऱ्याण्णव टक्के

सोहारच्या पाणी-खात्यात, चार नंबर खिडकीशेजारी
एक यंत्र उभं आहे माझ्या छातीएवढं.
काचेवर तीन तोंडं: हिरवं हसतं, पिवळं गप्प,
लालाचे ओठ खाली वळलेले.
वर अरबीत विचारलंय, सेवा कशी वाटली?
मला नव्हे. मी फक्त पुसतो.

अडीचला खिडक्या मिटतात, यंत्र विझतं.
काळ्या काचेवर मान तिरकी करून बघितलं
की दिवसभराची बोटं दिसतात.
सगळी लालावर. तेलकट, घामट,
आणि एक अंगठा असा रुतवलेला
जणू खाली शाई होती, समोर खरेदीखत.

तो शिनासच्या म्हातारीचा असणार.
तिसऱ्यांदा आली. नळाला थेंब नाही,
पाइपात वारा शिरतो आणि मीटर फिरतं.
वाऱ्याचं बिल अठरा रियाल.
खिडकीतला मुर्शिद माणूस वाईट नाही,
बाटलीतलं पाणी दिलं त्यानं तिला,
अर्ज वर पाठवलाय म्हणाला.
वर म्हणजे कुठे, ते त्याला तरी कुठे ठाऊक.

गुरुवारी मीटिंगला मी करक चहा घेऊन गेलो.
भिंतीवर आलेख, हिरवागार. चौऱ्याण्णव टक्के.
मस्कतहून पत्र येणार, मुदीर म्हणाले,
आणि खजुराचं ताट फिरलं.
मी ट्रे धरून उभा. औशाच्या शाळेतला पाढा
आपोआप ओठांवर आला:
दर तासाला धूळ पुसायची, असे आठ वेळा,
हिरव्यावर वीस फेरे, तिथंच धूळ साचते,
कुणाचा हात लागत नाही ना.
वीस आठे साठासे.
बटण दाबणारी माणसं रोजची दहा.

यंत्राला बोट काय नि फडका काय.

पुढचा आठवडा मी फडका लावला नाही.
आकडा असा घसरला की चौकशी बसली.
तिघं आले, फायली, टाय, अत्तराचा वास.
निष्कर्ष दोन ओळींचा:
काच मळकट, म्हणून जनता नाराज.
जबाबदारी निश्चित झाली. माझी.
पगारातून पाच रियाल.

मुर्शिदला फेऱ्यांचं सांगितलं तर तो आधी हसला,
मग उठून त्यानं दार लावलं.
म्हणाला, तुला मुलं आहेत ना?

आता परत पुसतो. वीस फेरे, दर तासाला.
आकडा जागेवर आलाय, पत्रही आलंय, चौकटीत.
तेही पुसावं लागतं.
काल म्हातारी पुन्हा दिसली, पिशवीत बिलं घेऊन.
यंत्राकडे गेली नाही.
माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिली,
तो ओला होता.