ओठ वाचणारा

आमच्या कारखान्यात कुणी बोलत नाही.
बावीस माग एकदम चालू, बोलून करणार काय?
आम्ही ओठ वाचतो.
पलीकडून इरण्णानं नुसता "चहा" म्हटला तरी
तो पाजणार की मागणार, मला कळतं.
वीस वर्षं वाचतोय.
घरात नाही वाचले.

नागमणी माघात बाळंत झाली.
सिव्हिलमधून आली तेव्हा पोरगी गुलाबी टॉवेलात,
मीच विणलेला, एका अंगाची किनार सुटली
म्हणून मालकानं घरी दिलेला.
अम्मानं भाकरतुकडा ओवाळून टाकला.
बंद खोली, शेगडी, ओवा, शेपा, कानांना फडकं.
सगळं रीतीनं झालं.
तिला काही विचारावं, असं रीतीत नव्हतं.

सव्वा महिन्यानं ती पुन्हा विड्यांना बसली.
आधी हजारात चार निघायच्या छाट.
आता अम्मा ब्रँचमधून पिशवी घेऊन परत यायची,
निम्म्या छाट.
"हिचं चित्त नाही," अम्मा म्हणाली.
कुणी म्हणालं, मुलगी झाली म्हणून.
कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी, तिकटीवर लिंबू टाका.
मी टाकलं.
वर म्हणालो, "तुला काय कमी आहे?"
वाटलं होतं, मी विचारतोय.

चैत्रात एकदा पाचव्या दिवसाचं पाणी आलं,
रात्री दोनला.
घागर भरली, वाहू लागली, ती बघत उभी.
शेजारची राजव्वा ओरडली, "अगं, पाणी!"
सोलापुरात, चैत्रात,
कुणी डोळ्यांदेखत पाणी वाहू देत नाही.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.
मी तोटी बंद केली आणि झोपलो.

रातपाळीहून आलो की तासभर कान बधिर असतात.
त्या सकाळी उंबऱ्यात नागमणी उभी.
आत पोरगीचं तोंड उघडं, लाल,
मला रडणं ऐकू येत नव्हतं.
नागमणीचे ओठ हलले.
मी सवयीनं वाचले:
हिला घेऊन जा. माझ्यापाशी ठेवू नका.

म्हटलं, कान उघडले की पुन्हा विचारू.
कान उघडले.
ओठ तेच म्हणत होते.
आवाज नव्हताच.

आरोग्य केंद्रात काझी सिस्टरनी दार लोटलं,
दहा प्रश्न विचारले, कागदावर आकडे मांडले.
मी खिडकीबाहेर, पोरगी खांद्यावर.
शेवटच्या प्रश्नाला ती नुसतं पुटपुटली.
मी वाचलं.
ते इथं लिहिणार नाही.

सिस्टर बाहेर आल्या. "हे नाटक नाही, नजर नाही.
बाळंतपणानंतर होतो असा आजार, पुष्कळ जणींना होतो.
आजच मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं.
अंगावर पाजताना चालतील अशाही गोळ्या असतात.
एकटीला सोडू नका.
आणि तिला झोपू द्या हो, नुसतं झोपू द्या."
बाकावर अम्मा पदराचं टोक चोळत होती.
हळूच म्हणाली, "नाकू कूडा."
मलाही.
इतक्या वर्षांनी.
कुणाच्या वेळी, ते मी विचारलं नाही.

इरण्णा म्हणतो, धागा तुटला, तू जोडलास.
तसं नसतं.
धागा तुटला की माग आपोआप थांबतो.
ती तर चालतच होती,
भाकऱ्या, धुणं, विड्या, पाणी.
आणि माणसाला गाठ मारता येत नाही.

आता दिवसपाळी घेतलीय.
रात्री पोरगी माझ्याकडे.
गोळ्यांना तीन महिने झाले.
काही दिवस अजून तसलेच असतात,
भिंतीकडे तोंड करून पडलेले.
मी विचारतो. कधी उत्तर येतं.

काल घरी आलो तर ती पोरगीला मांडीवर घेऊन बसलेली,
पाठ माझ्याकडे.
कानात अजून मागांचा खडखडाट,
काही बोलत होती का, कळेना.
तिच्या खांद्यावरून पोरगी तेवढी दिसत होती,
आईच्या तोंडाकडे टक लावलेली,
पापणी न हलवता.
मी चपला काढल्या
आणि तिथंच थांबलो.