थकलेला चहा

निनाद मेहेर चौदाचा होता,
पॅड मांडीच्या वर यायचे,
धावताना एकमेकांवर आपटायचे.
क्रॉस मैदानावरच्या आमच्या तंबूत
खोतांनी चश्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
एकशे अठ्ठ्याऐंशी. नाबाद. शाळेची मॅच.
कव्हरमधून सुटलेला एक चेंडू
शेजारच्या पिचवरच्या स्लिपनं उचलून परत फेकला
आणि फेकता फेकता विचारलं,
कोण रे हा?

मी स्कोअरर. घडलेलं तेवढंच लिहायचं.
तरी त्या संध्याकाळी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर
पेन्सिलीनं लिहिलं: भारत, चार वर्षं.
रेगे म्हणाले, चार कशाला?
बाविसाव्या वाढदिवसाआधी कसोटी खेळला नाही
तर सगळ्या तंबूला चहा-खारी माझ्याकडून.

त्याचे वडील ससून डॉकवर बर्फ फोडायचे.
एकदाच आले, साइटस्क्रीनच्या मागे उभे राहिले,
खुर्ची दिली तर बसले नाहीत.
जाताना मला हळूच विचारलं,
यात पगार असतो का?
असतो असतो, मी म्हणालो,
जसा काही मीच देणार होतो.

मग तो वाढला. खांदे आले, मिशी आली,
ऑफस्टंपच्या बाहेरचा तो चेंडू आला.
जिथं काहीच नसतं तिथं त्याची बॅट जायची,
जत्रेत फुग्याकडे जातो
कडेवरच्या पोराचा हात, तशी.
सोड, खोत पुटपुटायचे. सोड रे.
इतक्या लांबून कुणाला ऐकू येतंय.

पुठ्ठ्यावरचं भारत खोडून मी रणजी लिहिलं.
रणजी दोनच मिळाल्या.
चार, एकोणीस. शून्य, अकरा.
रेगे म्हणाले, अंपायर.
रेगे म्हणाले, खेळपट्टी.
रेगे म्हणाले, याला तिसरा पाठवतात का कधी?
मग रेगे काहीच म्हणाले नाहीत
आणि आमची आशा एवढीशी झाली,
सुट्या पैशांत मिसळून जाईल एवढी:
आज वीस होऊ देत.

वाईट दिवस त्यानंतरचे.
डोक्यात हवा गेली, आम्ही म्हणालो.
आमचे उसने घेऊन बुडवल्यासारखे
त्याला नावं ठेवू लागलो.
तो तंबूसमोरून जायचा
तेव्हा मी वहीत बेरजा तपासायचो. आधीच तपासलेल्या.

बाविसावा वाढदिवस गेला. खोतांनी चहा मागितला नाही.
चोवीस म्हणू या, रेगे म्हणाले.
पुढे सव्वीस.
पुढे पलीकडच्या पिचवर एक नवा डावखुरा आला,
कुणी ठरवलं नाही,
पण खुर्च्या थोड्या थोड्या करत तिकडे वळल्या.

परवा गुरुवारी ऑफिसांची मॅच होती.
निनाद आता गोदीच्या टीममध्ये, सहावा.
एकतीस वर्षं, पॅडच्या पट्ट्यांना शेवटचं भोक.
बॅटिंग यायच्या आधी तो तंबूत आला,
हातात ट्रे, सात ग्लास, वर खारीचा पुडा.
म्हणाला, काका, कळलं मला.
नऊ वर्षं थकलाय हा.

रेगे ग्लासात बघत राहिले.
साखर आहे त्यात, खोत म्हणाले,
यांना चालत नाही.
चालते, रेगे म्हणाले,
आणि फुंकरही न मारता प्यायले.

चौथी विकेट पडली. तो गेला. गार्ड घेतला.
पहिलाच चेंडू बाहेर. तोच. त्याच रेषेतला.
बॅट खाली येता येता
वर गेली.
सोडला.

आता? खोत म्हणाले,
कुणालाच नाही, मैदानाला.

मी वहीत टिंब काढलं.
पेन्सिल जरा जास्तच दाबली गेली,
मागच्या पानावर उमटलंय.