काखेत थर्मास

सोमवारी सकाळी एलादियो बेरुत्ती माझ्या टपरीसमोर येतो
आणि म्हणतो, सुल्मा, संपलं. विहीर आटली.
गुरुवारच्या अंकाला व्यंगचित्र द्यायचंय
आणि कोरा कागद माझ्याकडे बघतोय
भाडं थकलेल्या घरमालकासारखा.

मी त्याला काड्यापेटी देते.
सुटे नसले की दोन लिमलेटच्या गोळ्या.
एकवीस वर्षं हेच.
हा माणूस विनोद शोधायला अख्खं शहर पालथं घालतो,
बंदर, रविवारचा जुना बाजार, नाट्यगृहाच्या पायऱ्या,
एकदा तर बोटीत बसून नदीपलीकडच्या देशात गेला
आणि फक्त सर्दी घेऊन परतला.

तेव्हाही त्याच्या काखेत थर्मास होता.
त्याच्याच कशाला,
मोंतेविदेओत ज्याच्या त्याच्या काखेत थर्मास.
डावा हात जन्मभर गरम पाण्याला वाहिलेला,
उजव्यात भोपळ्याची वाटी, तिच्यात कडू पाला,
पाल्यात खोचलेली नळी.
उरला कुठला हात?
मग नाक खाजवतात बसथांब्याच्या खांबावर,
बस थांबवतात भुवयांनी,
आणि मयताला गेले तर विधवेला मिठी मारतात कोपरानं.

हे मी त्याला सांगितलं नाही.
सांगायचं कशाला? त्याला डोळे आहेत.

ते बघ नोटरी ओत्तोनेल्लो,
वारा नदीवरून असा सुटलाय की त्याची छत्री
उलटी होऊन पाऊस गोळा करतेय;
पुढे त्याचा कुत्रा.
दोघांनी एकच मिशी अर्धी अर्धी वाटून घेतलीय.
ती बघ दंतवैद्याची आई,
पिशवीतल्या लेट्यूसशी भांडत चाललीय,
आणि लेट्यूस जिंकतोय.
शाळेची पोरं पांढरे झगे घालून, गळ्यात निळे मोठे बो,
जणू कुणीतरी वाढदिवसाला पाठवलेली
आणि पत्ता चुकलेली भेट.

एलादियो बघतो. मान हलवतो.
म्हणतो, हे तर रोजचंच.

मग एका गुरुवारी चिठ्ठी नाही, फोन नाही,
गिऱ्हाईक येऊन नुसतंच हसायला लागलं.
दुसरं आलं, तेही.
तिसऱ्याच्या हातातून मी पेपर ओढला.
माझी टपरी. टपरीला पाय फुटलेले.
खिडकीतून बाहेर आलेलं माझं डोकं म्हणजे उकळती किटली,
कानांतून वाफ,
आणि शहरभर ती धावतेय
एका माणसामागे, सुट्या पैशांसाठी.

किटली! माझ्या चुलत्यांनीसुद्धा असं म्हटलं नव्हतं.
म्हणजे म्हटलं होतं, पण छापलं नव्हतं.
ठरवलं, आता या बेरुत्तीला काडीसुद्धा द्यायची नाही.

रात्री चष्मा लावून पुन्हा बघितलं.
टपरीच्या पायांत सपाता होत्या.
पुरुषी, मोठ्या मापाच्या,
डावीचा अंगठ्याशी उसवलेला टाका,
तोही काढलेला.

ओस्मारच्या सपाता.
तो गेल्यापासून मी त्याच घालते.
पण काउंटरच्या आत माझे पाय कुणालाच दिसत नाहीत,
माझ्या बहिणीलाही ठाऊक नाही.
कधी बघितलं यानं?
मग आठवलं, मार्चमध्ये कधीतरी एक नाणं घरंगळून
दाराच्या फटीशी गेलं होतं
आणि तो वाकला होता.
तेवढंच. एका नाण्याएवढा वेळ.

चित्र कापून मी गल्ल्याच्या आत चिकटवलं,
झाकण उघडलं की मलाच दिसेल असं.
तीन आठवडे त्याच्याशी बोलले नाही, ते वेगळं.
राग म्हणजे राग.

आज सोमवार. वारा तसाच.
एलादियो येतो, खांदे पडलेले,
म्हणतो, सुल्मा, संपलं. या खेपेला खरंच.

मी काड्यापेटी ठेवते,
गोळ्या मोजते,
आणि नकळत झाल्यासारखं
एक नाणं बोटांतून सुटू देते.

ते वाजत, गिरक्या घेत पलीकडे जातं,
फुटपाथच्या कडेला,
कुत्र्याच्या, लेट्यूसच्या, निळ्या बोच्या दिशेनं.
आणि एलादियो बेरुत्ती वाकतो,
काखेतला थर्मास सांभाळत.