सतरावं पान

जुलैत इथलं गवत पांढरं पडतं,
मेंढ्यांच्या तोंडातून वाफ निघते.
न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, शेताशेतांतून गाडी हाकत
मी बाळांची वजनं करत फिरायचे.
काटा, फडक्याची झोळी, निळी वही.

सतराव्या पानावर माझंच तिरकं अक्षर:
कॅलम मॅकअर्डल, सात आठवडे. वजन चांगलं.
पालथं निजवावं. झोप गाढ लागते.

झोप गाढ लागते,
हे मी कौतुकानं सांगितलं होतं.
आम्हाला तसंच शिकवलेलं, पुस्तकात छापलेलं,
आणि खोटंही नव्हतं:
पालथी बाळं खरंच कमी दचकायची.

मंगळवारी शोना त्याला उठवायला गेली.

पोलीस आला, दुधाची बाटली हुंगून पिशवीत घालून गेला.
शेजारणी पाय घेऊन आल्या, मांसाचे, गरम,
आणि उंबऱ्यावरूनच परतल्या.
कुणी म्हणालं मांजर, कुणी म्हणालं उशी,
कुणी काहीच म्हणालं नाही, तेच जास्त ऐकू आलं.
डॉक्टरांनी लिहिलं, कारण सापडलं नाही.
ते न सापडलेलं कारण त्या घरात राहायला आलं
आणि रोज शोनाच्या समोरच्या खुर्चीत बसलं.

मग कुणीतरी दारोदार जाऊन विचारलं.
गेलेल्यांच्या घरी, राहिलेल्यांच्याही घरी:
कसं निजवलं होतं?
मोजलं. पुन्हा मोजलं.
आमच्याकडे एक पान आलं, एक शब्द उलटा करून.

उताणं.

झोपेत श्वास कोंडला की आपल्या आत कुणीतरी
आपल्याला हलवतं, ऊठ, मान वळव.
काही बाळांत तो राखणदार अजून कच्चा असतो.
पालथं अंग, जास्तीची ऊब, मेंढीच्या मऊ कातड्यात तोंड,
आपलाच सोडलेला श्वास पुन्हा आत,
आणि तो हाक मारायची विसरतो.
एवढं कळलंय. अजून सगळं नाही.
कुठल्या बाळाचा, ते तर आधी कधीच नाही.

मी पुन्हा सगळ्या घरी गेले.
मागच्या वेळी उलटं सांगत होतात, बायका म्हणाल्या.
हो, म्हटलं.
कातडी पाळण्यातून काढून जमिनीवर टाकली, टोप्या उतरवल्या,
गादी मुठीनं दाबून पाहिली.
रॉडनी नावाच्या आडदांड बापाला सिगारेटसकट
फाटकापर्यंत नेऊन सोडलं.
तुमच्या खोलीत, तुमच्या खाटेला लागून,
पण जागा त्याची त्याला, म्हणत राहिले.
एक घर मात्र दोन वर्षं चुकवलं.

शोनानंच दार उघडलं.
आत दुसरी, केट्रिओना, पाच आठवड्यांची,
उताणी, दोन्ही हात कानांशी टाकलेले.
मला काही सांगावंच लागलं नाही.
वही दाखवा, ती म्हणाली.

पान सतरा.
मी पेन काढलं, तो शब्द खोडायला.
तिनं मनगट धरलं.
नका खोडू.
मी सांगितलेलं ऐकलं होतं, याचा
एवढाच कागद आहे माझ्याकडे.

शेगडीत कोळसा कोसळला.
बाळ दचकलं, हात झाडले, रडायला लागलं.
आम्ही दोघी लगेच उठलो नाही.
ऐकत बसलो.